सोलापुरात लेकराला शाळेत घालताय? आधी वर्ग बघा, मग हेडसर बघा

संक्रांत झाली, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की आमच्या गल्लीत दरवर्षी एकच विषय निघतो, यंदा पोराला कुठल्या शाळेत घालायचं. बायका मला येऊन विचारतात कारण मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते, आणि आमच्या घरात तेलुगू बोलतात पण दोन्ही लेकरं मराठी माध्यमात शिकली. दरवेळी तोंडी सांगताना निम्मं राहून जातं म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

हे मुख्यतः पहिली ते चौथी-पाचवीसाठी आहे आणि आपल्या पूर्व भागात असतात तसल्या शाळांसाठी आहे, म्हणजे जिथं एकाच वर्गात पद्मशाली घरातलं तेलुगू बोलणारं पोर, अक्कलकोटकडून आलेलं कन्नड बोलणारं, दखनी बोलणारं, तांड्यावरची लमाणी बोलणारी पोरगी आणि मराठी घरातलं पोर असे सगळे एकाच सतरंजीवर बसतात. अशा शाळेत चांगलं शिकवतात की नाही हे बघायची पद्धत वेगळी आहे.

आधी माझी चूक सांगते. मोठीच्या वेळी मी इमारत बघितली, गणवेश बघितला, गेटवर सेमी इंग्लिशचा बोर्ड बघितला आणि ॲडमिशन घेतली, शाळेचं नाव इथं घेत नाही. वह्या अशा सुंदर की बघत राहावं, प्रत्येक पानाखाली सही. तिसरीच्या दिवाळीच्या सुट्टीत तिला म्हणलं धडा वाच बघू, तर घडाघडा वाचला, मी खुश, आणि मग सहज लक्ष गेलं की तिचं बोट वेगळ्या ओळीवर आहे आणि तोंड वेगळ्या ओळीवर. धडा पाठ होता. दुसऱ्याच पुस्तकातलं पान दिलं तर "बदक" सुटलं आणि "प्रवास" वर अडकली. तीन वर्षं रोज शाळेत गेलेली पोर, एक दिवस खाडा नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून पहिलं काम, शाळा बघायला ॲडमिशनच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सगळ्या शाळा चांगल्या दिसतात. फेब्रुवारीत कुठल्याही साध्या मंगळवारी-बुधवारी जा, कारण मार्चनंतर ऊन वाढलं की सकाळची शाळा होते आणि सगळं घाईत असतं. मधल्या सुट्टीनंतरचा तास धरा. मुलं जेवून सुस्तावलेली असतात, त्या वेळी जो शिक्षक वर्ग जागा ठेवतो त्याला शिकवता येतं. सरळ मुख्याध्यापकांना जाऊन सांगा, "सर, यंदा लेकराला घालायचंय, दहा मिनिटं पहिलीच्या वर्गात मागं बसू का?" नियमाचं कारण सांगून कुणी नाही म्हणेल तर वाद घालू नका, व्हरांड्यातून बघू द्या म्हणा. पण नाही कसं म्हणले ते लक्षात ठेवा.

वर्गात बसल्यावर फळ्याकडं बघू नका, शेवटच्या रांगेकडं बघा. पुढच्या रांगेतली चार हुशार पोरं सगळ्या शाळांमध्ये उत्तरं देतात. शेवटच्या रांगेतल्या पोराला दहा मिनिटांत एकदा तरी कुणी नाव घेऊन विचारलं का? नाव घेऊन हं, "ए तू" म्हणून नाही, आणि जातीचं किंवा वस्तीचं नाव लावून तर अजिबात नाही. मी एका वर्गात "ए लमाणी, उठ" असं ऐकलंय आणि ती पोरगी उठली तेव्हा तिनं मान वर केली नाही. असलं ऐकलं की त्या शाळेचं बाकी काही बघायची गरज नाही, निघून या.

दुसरं, चुकीचं उत्तर आलं की काय होतं ते बघा. हाच माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

धाकट्याला घालायच्या आधी मी दोन शाळांमध्ये पहिलीचा वर्ग बघितला. योगायोगानं दोन्हीकडं मांजराचंच चित्र. पहिल्या शाळेत एक पोरगी म्हणाली "पिल्ली". तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात. बाई म्हणल्या, "पिल्ली काय, मांजर म्हण", वर्ग हसला, पोरगी बसली, आणि मी होते तोपर्यंत परत बोलली नाही. दुसऱ्या शाळेत सुद्धा एक पोरगा पिल्लीच म्हणाला. तिथल्या बाईंनी खडू उचलला, फळ्यावर "मांजर" लिहिलं, त्याच्या खाली "पिल्ली" लिहिलं आणि विचारलं, अजून कुणाच्या घरी काय म्हणतात? कन्नड पोर म्हणालं बेक्कू, एकजण म्हणाला बिल्ली. मग बाई म्हणल्या, आता गंमत बघा, मराठीत मांजराच्या बाळाला आपण पिल्लू म्हणतो, म्हणून आपला हा मित्र पिल्ली म्हणाला तर मराठी पोरांना वाटलं तो बाळाबद्दल बोलतोय. सगळ्या वर्गाला पिल्लू आणि पिल्लीतला फरक कळला, तोही पाच मिनिटांत. कोपऱ्यात एक लमाणी पोरगी गप्प होती, तिला म्हणल्या, "तू घरी आईला विचारून ये, उद्या तुझा शब्द लिहू." मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी परत गेले. ती पोरगी प्रार्थना संपल्या संपल्या स्वतःहून फळ्यापाशी जाऊन उभी होती.

त्या शाळेत घातलं धाकट्याला. इमारतीला रंग नव्हता.

त्या बाईंकडूनच मला पुढं कळलं की आपल्या मुलांच्या चुका आळशीपणाच्या नसतात, त्या घरच्या भाषेतून येतात आणि ज्या शिक्षकाला हे माहिती आहे तो मारत नाही, रागवत नाही, नेमकं तेवढंच शिकवतो. बघा, तेलुगू घरातल्या बोलण्यात ख, घ, भ असले जोरात हवा सोडून म्हणायचे आवाज फार येत नाहीत, म्हणून पोर "घर" ला "गर" आणि "भात" ला "बात" लिहितं. त्याला शंभर वेळा "घर" लिहायला लावून उपयोग नाही, आधी कानाला फरक ऐकू आला पाहिजे, बाई तोंडासमोर कागदाची पट्टी धरून "ग" आणि "घ" म्हणायला लावायच्या, घ ला पट्टी हलते. दखनी बोलणाऱ्या पोरांचं वेगळं, ती "शाळा" ला "शाला" आणि "पाणी" ला "पानी" लिहितात, ळ आणि ण त्यांच्या घरच्या बोलण्यात नाहीत. आणि तो, ती, ते तर आम्हा तेलुगू-कन्नडवाल्यांचं कायमचं दुखणं. आमच्या भाषेत वही, दप्तर, टेबल यांना बाई-पुरुष करत नाहीत, म्हणून पोर "माझा वही" म्हणतं. चांगला शिक्षक टोकत नाही, फक्त बरोबर करून परत म्हणतो, "हो का, तुझी वही कुठाय?" पोर ऐकता ऐकता सुधारतं.

तर शाळेत गेल्यावर शिक्षकाला एक प्रश्न विचारा: आमचं पोर "घर" ला "गर" लिहितंय, काय करावं? (तुमच्या घरच्या भाषेप्रमाणं शब्द बदला.) उत्तर "प्रॅक्टिस करून घ्या घरी" असं आलं तर समजा त्यांना माहिती नाही. "घरी मराठीच बोला" असं आलं तर तो सल्ला अजिबात ऐकू नका. मी मोठीच्या वेळी ऐकला, घरी मोडकंतोडकं मराठी बोलायला लागलो, आजीशी तिचं बोलणं तुटलं आणि मराठी तरी कुठं सुधारलं. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये सुद्धा लिहिलंय की शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं. बालभारती कन्नड, तेलुगू, उर्दूतून पुस्तकं काढते, ती मिळवा, मराठी शाळेतल्या पोराला घरी गोष्ट वाचून दाखवायला फार कामाला येतात.

गणिताचं पण एक सांगते कारण यात लई पोरं उगाच "ढ" ठरतात. मराठीत २९ ला एकोणतीस म्हणतात, म्हणजे तीसला एक कमी. तेलुगू आणि कन्नडमध्ये सरळ वीस-नऊ या क्रमानंच म्हणतात. धाकट्याला बाईंनी एकोणतीस लिही म्हणलं की तो ३१ लिहायचा. मला वाटलं याला काहीच येत नाही. बाई म्हणल्या, अहो त्यानं बरोबर ऐकलंय, एक आणि तीस, मग ३१ च ना. आठवत असेल तर २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं आलं होतं तेव्हा केवढा वाद झाला होता, लोकं म्हणत होती मराठीचं नुकसान. मला तर आमच्यासारख्या घरातल्या पोरांसाठी तो मोठा आधार वाटला, आधी वीस नऊ कळू दे, एकोणतीस मागून येतंय. शाळेत काड्यांचे दशकाचे गठ्ठे, मण्यांची माळ, खोट्या नोटा असलं काही हाताळायला देतात का ते बघा, आणि ते कपाटात कुलूप लावून ठेवलंय का पोरांच्या हातात आहे ते बघा. साहित्यावर धूळ असेल तर उत्तर मिळालं.

आता वाचनाची तपासणी. ही घरी किंवा ओळखीच्या पोरावर करता येते. ज्या शाळेचा विचार करताय तिथलं तिसरीतलं एखादं शेजारचं पोर बोलवा, दोन-तीन पोरं असली तर अजून बरं, एकावरून शाळा ठरवू नका. त्यानं न बघितलेल्या पुस्तकातली सोपी गोष्ट द्या आणि मोबाईलवर एक मिनिट लावा. निपुण भारत म्हणून केंद्राचं अभियान २०२१ पासून आहे, त्यात तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता आले पाहिजेत आणि ९९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता आल्या पाहिजेत असं धरलंय. दुसरीला ४५ ते ६० शब्द. पण दोन गोष्टी सांभाळा. उच्चार मोजू नका, "शाला" वाचलं तरी अर्थ कळला तर ते वाचणंच आहे. आणि वाचून झाल्यावर "मग काय झालं?" असं विचारा, हवं तर त्याच्या घरच्या भाषेत सांगू दे. साठ शब्द वाचून गोष्ट सांगता येत नसेल तर ते माझ्या मोठीसारखं बोट एकीकडं आणि तोंड एकीकडं आहे.

वह्या बघताना सुंदर अक्षर बघू नका, लाल शाई बघा. नुसती सही आणि "पाहिले" असेल तर ती वही वाचलेलीच नाही. चूक कुठं आहे ते दाखवलंय, पोरानं ती परत दुरुस्त केलीय आणि ती परत तपासलीय, असं पानात कुठंतरी दिसलं पाहिजे. आणि वर्गातल्या चाळीस वह्यांमध्ये शब्दन् शब्द तोच निबंध असेल तर तो निबंध फळ्याचा आहे.

आता मुख्याध्यापक. खरं सांगायचं तर एखादा चांगला शिक्षक तुमच्या पोराला एक-दोन वर्षं मिळतो, पण हेडसर किंवा हेडबाई चांगल्या असल्या की पाचही वर्षं नीट जातात. कायद्यानं पहिली ते पाचवीला १५० च्या वर मुलं असली की वेगळा मुख्याध्यापक लागतो. त्याच्या खाली असेल तर बहुतेक एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाकडं चार्ज असतो, तो स्वतःचा वर्ग पण घेतो आणि ऑनलाइन माहित्या पण भरतो, खिचडीचा हिशोब पण ठेवतो. अशा माणसाला ऑफिसात बसून राहिला नाही म्हणून नावं ठेवू नका, आणि स्वतंत्र हेड असून दिवसभर ऑफिसात असेल तर मात्र विचार करा.

मी काय बघते सांगू? हेडसरांबरोबर व्हरांड्यातून चालत जा. पोरं त्यांना बघून पळतात का जवळ येतात. त्यांना पोरांची नावं येतात का, आणि नावाच्या पुढं काही माहिती आहे का, म्हणजे "हिची आई विड्या वळती, कारखान्यात माल द्यायच्या दिवशी हिला धाकट्या भावाला सांभाळायला लागतंय म्हणून खाडा होतोय" इतपत. आमच्या हेडबाईंनी अशा तीन-चार पोरींच्या आयांना बोलवून अंगणवाडीताईंशी गाठ घालून दिली, धाकटी भावंडं तिकडं बसायला लागली आणि पोरी शाळेत यायला लागल्या. वर निवेदन वगैरे काही केलं नाही, एका दुपारी चालत जाऊन केलं. म्हणून विचारायचा प्रश्न हा: सलग तीन दिवस पोर आलं नाही तर तुम्ही काय करता? "पालकांना कळवतो" हे सगळेच म्हणतात, पुढं विचारा, शेवटचं कुणाच्या घरी गेला होता? ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरातली पोरं असतील तर दिवाळीनंतर ती कुठं जातात, परत आली की त्यांचं राहिलेलं कसं भरून काढता, हे पण विचारा. ज्याला काळजी आहे तो थांबत नाही, सांगतच सुटतो.

दुसरी गोष्ट, हेड स्वतः वर्गात बसून शिक्षकांचे तास बघतात का आणि बघितल्यावर काय सांगतात. लॉगबुकमध्ये तशी नोंद असते. "पाठ समाधानकारक" हा शेरा सगळ्यांना सारखा असेल तर कुणी कुणाचं काही बघितलेलं नाही. नवीन लागलेल्या शिक्षकाला कुठला वर्ग दिलाय ते विचारा, पहिलीचा वर्ग शाळेतल्या सगळ्यात तयार माणसाकडं असला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, पण होतं उलटं, नवीन माणसाला पहिली आणि अनुभवी माणसाला चौथी. शिक्षक जनगणना, निवडणूक, आपत्तीच्या कामाला जातात ते कायद्यातच आहे, त्यांच्यावर राग काढू नका, पण त्या दिवशी त्यांचा वर्ग कोण घेतं हे हेडना विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. तीस मुलांमागं एक शिक्षक हे कायद्याचं प्रमाण आहे, दोन वर्ग कायम एकत्र बसत असतील तर कारण विचारा.

मग जेवणाच्या वेळी थांबा. खिचडी वाटताना पोरं कशी बसतात बघा, आपापल्या भाषेचे, जातीचे घोळके करून बसतात का मिसळून. आपोआप मिसळत नाहीत, कुणीतरी ते घडवून आणावं लागतं. आमच्याकडं हजेरीच्या क्रमानं बसवायचे, एवढ्यानं फरक पडला. वाढायच्या आधी शिक्षकांपैकी कुणीतरी चव घेऊन नोंद करायची असते, ती वही मागा. प्राथमिकच्या मुलाला या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे, म्हणजे डाळ दिसली पाहिजे, नुसतं पिवळं पाणी नको. संडास आणि टाकी पण बघून घ्या, आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, टाकी कधी भरली हे शिपाईमामांना विचारा, ते खरं सांगतात. पोरी दुपारनंतर पाणी पीत नसतील तर संडास वापरण्यासारखा नाही असं समजा.

लोकं म्हणतात चांगलं शिक्षण मोठ्या शाळेतच. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालायची सुरुवात त्यांनी केली, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ स्पर्धकांना वाटून दिली. छोटं गाव, छोटी शाळा. तेव्हा पाटी वाचून ठरवू नका.

आणि ज्यांचं पोर आधीच शाळेत आहे आणि नीट चाललेलं नाही त्यांनी काय करायचं? आधी वर्गशिक्षकांना भेटा, गेटवर नाही, वेळ मागून. "तुम्ही शिकवत नाही" म्हणू नका, वही आणि पुस्तक बरोबर न्या, पोराला त्यांच्यासमोर वाचायला लावा आणि विचारा, महिन्याभरात आपण काय करू या? महिना थांबा. फरक नाही पडला तर मुख्याध्यापकांकडं लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. त्यानंतर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी. मारहाण असेल तर मात्र महिना थांबायचं नाही, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला कायद्यानं बंदी आहे, त्याच दिवशी लेखी द्या.

शाळा व्यवस्थापन समितीत जा. खाजगी विनाअनुदानित सोडून बाकी शाळांना ती सक्तीची आहे, त्यात ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका असल्याच पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी सहीपुरतं रजिस्टर घरी येतं, तसं आलं तर सही करू नका, मीटिंगला बसते म्हणा. मला पहिल्या मीटिंगला बोलायची भीती वाटत होती कारण माझं मराठी, आणि शेजारी बसलेल्या ताईंना कन्नडशिवाय धड येत नव्हतं. हेडबाईंनी मीटिंग मध्येच थांबवली, शिपाईमामांना बोलवलं, ते दोन्ही भाषा जाणतात, आणि त्यांना आमच्यात बसवलं. त्या दिवशी त्या ताईंनी पहिल्यांदा सांगितलं की शाळेच्या मागच्या भिंतीला खिंडार आहे आणि तिथून पोरं रस्त्यावर जातात. पंधरा दिवसांत भिंत झाली.

ॲडमिशन झालं की जूनमध्ये पहिल्या दिवशी एक काम करा. बाईंच्या हातात एक चिठ्ठी द्या. घरात कुठली भाषा, पोराला कशाची भीती वाटते, आणि घरचे पाच-सहा शब्द, तहान लागली, शू आली, पोट दुखलं की पोर काय म्हणतं. मी धाकट्याच्या वेळी लिहिलं होतं: नीळ्ळु म्हणाला तर पाणी, कडुपु नोप्पी म्हणाला तर पोट दुखतंय, अंधाऱ्या खोलीला घाबरतो. बाईंनी ती चिठ्ठी माझ्यासमोर वाचली, दोन्ही शब्द मला म्हणून दाखवले, बरोबर आहे का विचारलं, आणि हजेरीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली. तिथं आधीच अशा अकरा चिठ्ठ्या होत्या.